हौशाच्या पाठीवर मेथी

चौसाळ्यात हायवेला लागून मकसूदचं पंक्चरचं दुकान आहे, ते सगळ्यांना माहीत. पण दुकानाच्या मागच्या पत्र्याच्या पडवीत त्याच्या बायकोचा, बीबीजानचा, कारखाना चालतो हे निम्म्या गावाला ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांतले निम्मे हसतात. कारखाना हा शब्द मकसूदनं चिडवायला काढला होता. बीबीजाननं तो सरळ उचलला आणि वापरायला लागली. "मी कारखान्यात हाय, च्या तुमीच टाका," असं आतून उत्तर यायला लागल्यावर बिचाऱ्याची चिडवायची सोयच गेली.

या कारखान्यात यंत्र म्हणाल तर एक मिक्सर, तोही लाइट असली तर. बाकी सगळं हाताचं काम. एका पिंपात रद्दी भिजत पडलेली, चुलीवर चिंचोक्याच्या पिठाची खळ रटरटतेय, आणि मधोमध बारदानावर फतकल मारून बसलेली बीबीजान, कोपरापर्यंत कागदाच्या लगद्यात. लगद्यात खळ घालायची, मुलतानी माती घालायची, आणि भिजवून वाटलेल्या मेथ्या घालायच्या. मेथीनं लगदा चिकट होतो आणि तिच्या कडूपणामुळं किडा लागत नाही. मग पालथ्या पातेल्यावर तो थापायचा, वाळू द्यायचा, सोडवून घ्यायचा, की झाली टोपली. भाकरीच्या टोपल्या, सुपाऱ्या ठेवायच्या वाट्या, पोळ्याला पोरांसाठी वीतभर बैल, असं सगळं ती करते. पुढाऱ्यांचे फोटो असलेली पानं ती आधी भिजवते. ते लवकर मऊ पडतात, असं तिचं म्हणणं. खरं-खोटं तिलाच माहीत.

तिच्या हाताखाली मंजुषा वाढली. तसं बघितलं तर मंजुषा शेजारच्या त्रिंबकची आणि वत्सलाबाईची लेक; दोन घरांत कमरेएवढी एक भिंत. पण त्रिंबक आणि वत्सलाबाई पूर्वी दिवाळी झाली की बैलगाडी जुंपून ऊसतोडीला जायचे, ते पार उन्हाळा तापल्यावर परत यायचे. पोरीला उसाच्या फडात कुठं न्यायची, शाळा बुडते, म्हणून ती बीबीजानकडं राहायची. बीबीजानला स्वतःला लेकरू नाही. आधी तिनं पोरीला "दोन घास खाऊ घालते, त्यात काय," म्हणून ठेवून घेतलं. मग पोर, मावशीला म्हणतात तसं, खाला-खाला करत तिच्या पदराला धरून फिरायला लागली, लगद्याचे गोळे करून चुलीत टाकायला लागली, आणि बीबीजानचा जीव तिच्यात असा अडकला की उन्हाळ्यात त्रिंबकची गाडी परत यायची म्हटलं की बाईला दोन दिवस जेवण जायचं नाही.

पोरीचं मात्र उलटं. ती हायवेकडं डोळे लावून ओट्यावर बसायची. त्रिंबकच्या जोडीतला एक बैल दरसाल बदलायचा, पण हौशा तोच. तांबडा, थोराड, डावं शिंग जरा खाली झुकलेलं, आणि चाल अशी की जणू सगळा रस्ता याच्याच बापाचा. आई-बाप धुळीत ओळखू यायच्या आधी तिला हौशा ओळखू यायचा. "आला, माझा हौशा आला," करत ती पळत सुटायची. पुढं त्रिंबकनं ऊसतोड सोडली, दोन म्हशी घेतल्या, हायवेवरच्या ढाब्यांना दूध घालायला लागला. हौशा म्हातारा होऊन गोठ्यातच गेला. त्या दिवशी मंजुषा बीएस्सीच्या परीक्षेला बसली होती. घरी येऊन तिनं काय रडून घेतलं म्हणता. मोठी झालेली पोर लहान पोरासारखी रडते तेव्हा बघवत नाही.

तर अशा मंजुषाचं लग्न परळीकडच्या सत्यमशी ठरलं. पोरगं तिथल्या थर्मल वीजकेंद्रात कामाला, बोलायला गोड, तक्रारीला जागा नाही. तक्रार म्हणाल तर एकच, त्याची आत्या कडूबाई. आई-बापाच्या माघारी तिनंच त्याला मोठा केला, त्यामुळं घरात शब्द तिचा. साखरपुड्याला आली तेव्हा पंगतीत मांडलेली स्टीलची ताटं तिनं बोटानं वाजवून बघितली होती, जाड आहेत का पातळ. वत्सलाबाई तेव्हापासून घरातली ताटं वाजवून बघायला लागली.

"रुखवत असा मांडायचा की त्या बाईचं तोंड बंद झालं पायजे," वत्सलाबाई म्हणाली. नवरीच्या रुखवतात काय काय असतं ते तुम्हाला सांगायला नको; लाडवांचे डोंगर, साड्यांचे मोर, खोबऱ्याचा संसार. यादी चालली होती. मंजुषा भिंतीवर बसून पाय हलवत होती. ती म्हणाली, "मला ते मोर न्हाई पायजेत. खाला, मला हौशा करून दे. मोठा. खरा होता तेवढा."

बीबीजाननं आजवर वीतभरापेक्षा मोठा बैल केला नव्हता. पण लेकीनं तोंडानं मागितलं आणि ही नाही म्हणाली, असं कधी झालंय? "कावून न्हाई? करते की," ती म्हणाली. आणि मग रात्रभर तिला झोप लागली नाही. टोपल्या केल्या ते ठीक, टोपली वाकडी झाली तर तिच्यात कांदे ठेवतात. हा बैल दोन्ही गावांच्या समोर उभा राहणार होता. आणि लग्नात बीबीजानला स्वतःचं म्हणावं असं दुसरं काय होतं? ती नवरीची आई नाही, मावशी नाही, नात्याची नाही. हळद लावायला, ओटी भरायला, घास द्यायला सख्ख्या नात्यातल्या बायका रांगेत होत्या. तिच्या वाटेला पंगतीतलं एक ताट आलं असतं. आपण त्या पोरीचे कोण, हे सांगायला तिच्याजवळ हा एक बैलच होता, आणि हे तिला स्वतःला चांगलं कळत होतं.

काम मात्र असं रंगलं की बघत राहावं. मकसूदनं बांबूच्या कामट्यांचा सांगाडा बांधला, सांधे जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळले. पोटात पाचट भरलं. त्यावर बारदान, बारदानावर कागदाच्या पट्ट्या, पट्ट्यांवर लगद्याचा थर. पडवीत बैल उभा राहायला लागला तशी गिऱ्हाइकं पंक्चर काढायचं विसरून मागं डोकवायला लागली. त्रिंबक रोज दुधाची किटली घेऊन जाता जाता थांबायचा, "वशिंड जरा उजवीकडं होतं, मकसूदभाई," एवढंच बोलायचा आणि जायचा. एकदा तर नुसताच उभा राहिला, शिंगावरून हात फिरवला आणि किटली उचलून गेला. त्या दिवशी बीबीजाननं दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पाय झाले, तोंड झालं, त्यांना तांबडा रंगही लागला. राहिला होता तो पाठीवरचा शेवटचा थर. आणि इथं नवरा-बायकोनं मिळून घोळ घातला. कुणाचा वाटा किती, यावर त्या घरात आजही एकमत नाही.

झालं असं की मेथ्या मिक्सरमध्ये निम्म्या वाटून झाल्या आणि लाइट गेली. लगदा तर कालवून ठेवलेला, तो आंबायला लागला तर सगळंच गेलं. पाट्यावर वाटावं, तर पाटा-वरवंटा वत्सलाबाईनं लग्नाच्या वाटणासाठी नेलेला. बीबीजाननं टम्म फुगलेल्या त्या आख्ख्या मेथ्यांकडं बघितलं, म्हणाली वरून रंगच बसणार आहे, आत मेथी वाटलेली का आख्खी ते कोण बघायला येतंय. आणि दिल्या तशाच लगद्यात ढकलून.

दुसऱ्या दिवशी कोरडं वारं सुटलं. पाठीला बारीक चिरा दिसायला लागल्या. मकसूदनं उमेदीची चार वर्षं गवंड्याच्या हाताखाली काढलीत. त्या चार वर्षांचं ज्ञान तो अधूनमधून बाहेर काढतो. "स्लॅबला कसं करत्यात? ओलं बारदान टाकून ठेवत्यात. टाक बारदान, मी पाणी शिंपडत जाईन," तो म्हणाला. एरवी ही बाई त्याचं एक ऐकत नाही. नेमकं तेव्हाच ऐकलं. मकसूद पाच-सहा दिवस जाता-येता मोठ्या भक्तिभावानं पाणी शिंपडत राहिला, बीबीजान शेजारी लाडू वळण्यात गुंतली, आणि बारदानाखाली काय चाललंय ते कुणी उचलून बघितलं नाही.

हळदीच्या दिवशी सकाळी ती रंगाचा डबा घेऊन आली आणि बारदान ओढलं. वशिंडापासून शेपटीपर्यंत हौशाच्या पाठीवर हिरवीगार मेथी उभी होती. बोटभर, दोन-दोन पानांची, दाट. वाफ्यात सुद्धा इतकी चांगली उगवत नाही.

बीबीजाननं मकसूदला हाक मारली. मकसूद टायर तसाच टाकून धावत आला. त्यानं बघितलं, पुन्हा बघितलं आणि म्हणाला, "अगं, ह्याला तर पीक आलंय." आणि मग जो हसायला लागला, तो भिंतीला धरून. तिनं त्याच्याकडं असं बघितलं की त्याचं हसू आपोआप आत गेलं. तिनं एक रोप उपटून बघितलं. रोपाबरोबर पाठीचा एवढा मोठा ढेपसा आला आणि खालची कामटी दिसायला लागली. म्हणजे उपटायचीही सोय नाही. नवीन थर द्यावा तर लग्न दुसऱ्या दिवशी दुपारी.

वत्सलाबाईला बोलावलं. ती हळदीच्या हातानं आली आणि तसाच हात कपाळाला लावून बसली. "बीबी, हे काय करून ठेवलंस गं. परळीची मानसं आधीच नाव ठेवायला टपल्यात."

"न्हाई ठेवत म्या रुखवतात," बीबीजान म्हणाली. "माझी टोपलीचीच लायकी. उगं बैल करायला गेलते. दोन चांगल्या टोपल्या देते, त्या ठिव." एवढं बोलून तिनं तोंडाला पदर लावला. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त वाईट वाटत होतं.

तेवढ्यात भिंतीवरून एक पिवळं तोंड वर आलं. हळद लागलेल्या नवरीनं उंबऱ्याबाहेर पडायचं नसतं, पण भिंतीवरून डोकवायला बंदी आहे असं कुणी मंजुषाला सांगितलं नव्हतं. तिनं हौशाकडं बघितलं. पिवळ्या तोंडातले दात चमकले.

"खाला, त्याला कुणी हात लावायचा न्हाई," ती म्हणाली. "आई, हौशा रुखवतात उभा राहणार हाय. न्हाईतर मी बोहल्यावर चढणार न्हाई. सांगून ठिवते."

आता नवरीनं हे वाक्य टाकल्यावर कुणाचं काय चालतं? वत्सलाबाई बडबडत गेली. बीबीजाननं डोळे पुसले आणि उघडी पडलेली जागा झाकायला तिथं झेंडूची एक माळ टाकली.

लग्नाच्या दिवशी चौघांनी उचलून हौशाला मांडवात आणलं. एका बाजूला लाडू, एका बाजूला भांडी, मध्ये हा. गावातली पोरंटोरं आधी आली, मग बायका, मग मोबाइल काढून पुरुष. कुणी हसत होतं, कुणी मेथीला हात लावून बघत होतं. बीबीजान मात्र तिथं नव्हती. ती सगळ्यात मागं, पाण्याच्या टाकीजवळ, बायकांच्या गर्दीत तोंड लपवून उभी होती. मकसूद तिच्या शेजारी. तो आता अजिबात हसत नव्हता.

वऱ्हाड आलं. कडूबाई रुखवत बघायला निघाली तशी गर्दी आपोआप बाजूला झाली. लाडू बघितले. ताटं वाजवली. मग हौशासमोर आली आणि थांबली. वत्सलाबाईनं देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली.

कडूबाईनं वाकून पाठ बघितली, पान चिमटीत धरलं, नाकाला लावलं. "ही खरी मेथी हाय?"

"खरी हाय," वत्सलाबाई कशीबशी म्हणाली.

"बैलाच्या अंगावर?"

"कागदाचा हाय तो. आमच्या शेजारच्या बीबीजाननं केलाय."

"बोलवा तिला."

गर्दीनं बीबीजानला ढकलत पुढं आणलं. आता पळून जायची सोय नव्हती, म्हणून तिनं जे झालं ते सगळं सांगून टाकलं. लाइट गेली तिथपासून गवंड्याच्या अकलेपर्यंत. बोलता बोलता तिला स्वतःलाच त्यातली गंमत दिसायला लागली आणि शेवटाला ती मकसूदकडं बोट दाखवून म्हणाली, "ह्या मानसानं स्लॅब समजून पाणी घातलंय, आत्याबाई, आता तुमीच सांगा." बायका हसायला लागल्या. कडूबाई हसली नाही. ती अजून मेथीवरून हात फिरवत होती.

"आमच्याकडं अंगणात काही लावलं तर चार दिवसांत थर्मलच्या राखेनं करडं होतं," ती म्हणाली. "तुळस रोज पुसावी लागती. आन् माझी सून बैलावर शेत घेऊन यायलीय." मग तिनं मान वर केली. "रुखवत लई बघितले. असा बघितला न्हवता. ह्याला पाणी किती घालायचं?"

"पाणी घालायचं न्हाई," बीबीजान घाबरून म्हणाली. "घातलं तर बैल खाली बसंल."

"मंग मेथी सुकंल की."

"सुकंल. नुसतं ओलं फडकं फिरवायचं, ते पण हलक्या हातानं. मेथी झाली की कापून घ्यायची, पाठ वाळवायची, मग थर द्यायचा, मग रंग."

"आन् भाजी?"

"खायची न्हाई, आत्याबाई. खाली रद्दी हाय. पुढाऱ्यांचे फोटो हाईत."

आता मात्र कडूबाई हसली. तोंडातला विडा सांभाळत, खांदे हलवत हसली, आणि तिच्याबरोबर सगळं वऱ्हाड. "हे आमच्यानं व्हायचं न्हाई," ती म्हणाली. "बैल नेते, पण त्याच्यासंगं तुमाला यावं लागंल."

लोकांना वाटलं बाई थट्टा करतेय. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, निघायची वेळ झाली. नवरीबरोबर पहिले काही दिवस सासरी राहायला पाठराखीण म्हणून वत्सलाबाईची धाकटी बहीण जाणार होती. तिची पिशवी भरून गाडीत गेली होती. हौशाला टेम्पोत चढवून दोरानं बांधलं होतं. मंजुषा एकेकाच्या गळ्यात पडत होती. बीबीजान आपल्या पाळीची वाट बघत रांगेत उभी होती.

वत्सलाबाई गाडीजवळ गेली आणि बहिणीची पिशवी तिनं खाली काढली. "तू ऱ्हा गं," ती बहिणीला म्हणाली, आणि आपल्या अंगावरची नवी शाल काढून बीबीजानच्या खांद्यावर टाकली.

"वत्सला, हे काय करायलीस? मी पाठराखीण? लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे." वत्सलाबाईनं तिचे दोन्ही हात धरले. "दिवाळी झाली की पोरीला तुझ्या दारात सोडून जायची मी. जाताना मागं बघायची न्हाई. बघितलं तर पाय निघत न्हवता. पर तुझ्याकडं सोडली म्हणून फडात झोप तरी लागायची. आज बी मला झोप लागली पायजे, बीबी. तूच जा."

बीबीजान शाल परत काढायला लागली. मंजुषानं तिला दंडाला धरून गाडीत ओढलं. मकसूद खिडकीशी आला. "कपडे न्हाईत, चप्पल फाटकी हाय, तशीच निघालीस," तो म्हणाला, आणि आपला रुमाल तिच्या हातात कोंबून तोंड फिरवून उभा राहिला. दुकान दुसऱ्या दिवशी त्यानं उघडलंच नाही.

केज यायच्या आत नवरीचं रडणं संपलं आणि ती खालाच्या मांडीवर झोपून गेली. परळीकडच्या त्या घरासमोर गाडी थांबली तेव्हा दिवस मावळला होता. पुढच्या गाडीनं आधीच पोचलेली कडूबाई दारात भाकरीचा तुकडा घेऊन उभी होती. तिनं तो मंजुषा आणि सत्यमवरून ओवाळून टाकला. बीबीजान रिवाजाप्रमाणे दोन पावलं मागं सरकली. कडूबाईनं आत जाऊन दुसरा तुकडा आणला, तिच्यावरून ओवाळला, लांब अंगणात भिरकावला आणि म्हणाली, "मागं कावून उभ्या ऱ्हायलात? पाय धुवा, आत या. लेक तुमची हाय."